मधपेट्यांसाठी जुनी गाडी घेताना

पऱ्हाटी फुलावर आली की यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी शेतमालकाचा निरोप येतो, ‘उद्या सकाळी फवारा मारायचा आहे, तुमच्या पेट्या उचला.’ ज्याच्या चाळीस-पन्नास मधपेट्या त्या वावराच्या धुऱ्यावर मांडलेल्या आहेत, त्याच्या हाती मग एकच रात्र उरते. २०१७ च्या पावसाळ्यात याच फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे वाचक विसरले नसतील. जे औषध माणसाला आडवे करते त्यापुढे मधमाशीचा काय पाड!

पेटीचे दार बंद करून, वर ओले पोते टाकून काही तास निभावता येतात. पण ऑक्टोबरच्या उन्हात बंद पेटी तापते आणि आतल्या माश्या उष्णतेनेच मरतात. शेजारच्या वावरात पेट्या सरकवाव्यात, तर तेही चालत नाही. माशी आपल्या जागेची खूण पक्की लक्षात ठेवते. पेटी एक-दोन किलोमीटरवर नेली, तर चरायला उडालेल्या माश्या पुन्हा जुन्याच जागी जातात आणि घर न सापडल्याने तिथेच संपतात. म्हणून पेट्या हलवायच्या तर निदान पाच किलोमीटर दूर न्याव्या लागतात, आणि त्याही रात्रीच. अशा वेळी भाड्याची गाडी शोधायला निघालेल्या माणसाला काय ऐकावे लागते? ‘माश्या आहेत काय? मग नको रे बाबा!’ दुप्पट भाडे कबूल केले तरी ड्रायव्हर तयार होत नाही. अशा एकदोन रात्री अंगावर काढल्या की मधपाळाच्या मनात पहिला विचार येतो, आपलीच एखादी जुनी गाडी असावी.

हा विचार चुकीचा नाही. परंतु घाईघाईने घेतलेली गाडी चांगल्या चाललेल्या धंद्याचा मध पिऊन टाकते. आपल्यातील कितीतरी कुटुंबांकडे जमिनीचा तुकडा नाही. दुसऱ्याच्या धुऱ्यावर पेट्या मांडून करता येणारा हा व्यवसाय त्यांना मोठा आधार देऊ शकतो. तेव्हा या कुटुंबांच्या कर्त्या मंडळींनी आणि विशेषतः घरचा हिशेब सांभाळणाऱ्या भगिनींनी गाडीचा सौदा करण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हांला वाटते.

आधी हे पाहा की गाडीची गरज आहे का. आपल्याकडची सातेरी माशी एका जागी राहून थोडा पण चांगला मध देते. तिची पेटी लहान असते. आठ-दहा सातेरी पेट्या ठेवणाऱ्याला चारचाकीची मुळीच गरज नाही. एखादी पेटी मोटारसायकलच्या कॅरिअरवर बांधूनही नेता येते. गाडी लागते ती मेलिफेरा या परदेशी जातीला. ही माशी आपल्या देशात १९६२ च्या सुमारास पंजाब-हिमाचलकडे स्थिरावली. मध भरपूर देते, पण फुलोरा जिथे असेल तिथे तिला न्यावे लागते. आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीनंतर तूर, मग कोथिंबीर व करडई, उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुनिंब, जांभूळ आणि करंज, पाणी असेल तिथे उन्हाळी तीळ, असे चक्र चालते. शिवाय कांद्याचे बियाणे करणारे शेतकरी परागीभवनासाठी भाडे देऊन पेट्या बोलावतात, ते निराळेच. तरीही वर्षातून पाच-सहा स्थलांतरे आणि फवारणीच्या दोन-तीन अडचणीच्या रात्री, एवढेच गाडीचे खरे काम. उरलेले साडेतीनशे दिवस ती दारात उभी असते आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. समजा पन्नास पेट्या आहेत आणि एका रात्रीचे भाडे ५,००० रुपये पडते. सहा स्थलांतरे आणि तीन तातडीच्या रात्री धरल्या, तर वर्षाला ४५,००० रुपये भाडे होते. आता समजा १,६०,००० रुपयांची जुनी गाडी घेतली. ४०,००० रुपये रोख दिले आणि १,२०,००० रुपये फायनान्सवाल्याकडून ‘१४ टक्के फ्लॅट’ दराने तीन वर्षांसाठी उचलले. व्याज ५०,४०० रुपये होते आणि हप्ता महिना ४,७३३ रुपये, म्हणजे वर्षाला ५६,७९६ रुपये. विमा वेगळा. साडेसात टनांखालच्या चारचाकी मालवाहू गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे १६,०४९ रुपये आणि वर कर. टायर, पासिंग, दुरुस्ती यांचे निदान पंचवीस हजार धरा. डिझेल सोडूनच वर्षाचा खर्च लाखाजवळ गेला. भाड्यापेक्षा पन्नास हजार जास्त! हे पन्नास हजार गाडीने इतर दिवशी कमावले पाहिजेत. आठवडी बाजाराचा भाजीपाला, सोयाबीनची पोती, बांधकामाचे सामान, काही का असेना. ते काम गावात आहे काय आणि ते करायला घरात माणूस आहे काय, याचे उत्तर ‘नाही’ असेल तर गाडीचा नाद सोडून द्यावा. त्यापेक्षा एका ड्रायव्हरशी संबंध जोडावा, त्याला माशीचा पोशाख द्यावा, वर्षाचे भाडे आधी ठरवून टाकावे. यात कमीपणा कसला?

या ठिकाणी ‘फ्लॅट’ या शब्दाविषयी सांगितले पाहिजे. फ्लॅट व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे चालू राहते, तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी. वर दिलेल्या उदाहरणात १४ टक्के सांगितलेले व्याज बँकेच्या घटत्या शिलकीच्या रीतीने मोजले तर सुमारे २४ टक्के होते. फायनान्सच्या कचेरीत ‘दर किती’ हे विचारून थांबू नये. ‘एकूण किती रुपये परत करायचे’ हे कागदावर लिहून मागावे. जमेल तर गाडीसाठी कर्ज न काढता पेट्या वाढवण्यासाठी सरकारी योजनेचा आधार घ्यावा आणि स्वतःची रोख गाडीसाठी राखावी. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण घेणाऱ्यास साहित्यावर ५० टक्के अनुदान आहे. वैयक्तिक मधपाळासाठी अर्जदार साक्षर आणि अठरा वर्षांवरील असावा, एवढीच मुख्य अट आहे. या मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला असले तरी चौकशीसाठी तिथवर जाण्याची गरज नाही, जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज मिळतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेचीही चौकशी करावी.

कोणती गाडी?

बाजारात तीन प्रकार दिसतील. पहिली तीनचाकी मालवाहू ॲपे. किंमत कमी, दुरुस्ती गावातला मिस्त्रीही करतो, आणि विमा फारच स्वस्त: चारचाकीला सोळा हजार तर तीनचाकी मालवाहूला २०२२ च्या दराप्रमाणे ४,४९२ रुपये अधिक कर. साधारण अर्धा टन वजन नेते. पण खड्ड्यांत कलंडते आणि लांब पल्ल्यात रात्र सरून जाते. पंधरा-वीस पेट्या आणि पंचवीस किलोमीटरचा टापू असेल, तर आमच्या मते हीच खरी शहाणपणाची गाडी होय. लोक तिला नाके मुरडतात, मुरडू द्या.

दुसरी टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’. ही २००५ साली आली, त्यामुळे जुन्या गाड्या ढिगाने मिळतात आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. सुरुवातीच्या गाड्यांना दोन सिलिंडरचे ७०२ सीसी इंजिन आहे आणि वजन पाऊण टन नेते. चाके लहान, गाडी जमिनीलगत. कोरड्या दिवसांत हिच्यासारखी काटकसरी गाडी नाही. पण आपल्या काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की पांदण रस्त्यावर ती रुतून बसते. पुसद-उमरखेडकडच्या चढणीवर भरलेली गाडी रांगते. तिसरी बोलेरो पिकअप. उंच, मोठ्या चाकांची, सव्वा टन आणि त्याहून अधिक वजन नेणारी. चिखलातून निघते, कोणताही माल नेते, म्हणून इतर दिवशी कमाईही जास्त. किंमत मात्र छोट्या हत्तीच्या दुप्पट मागतात, आणि जुनी पिकअप बहुधा भरपूर राबवलेलीच असते. टाटा ४०७ शंभरावर पेट्या असणाऱ्यासाठी, आणि जुन्या मेटॅडोरच्या मोहात कोणी पडू नये. ट्रॅक्टरची ट्रॉली घरची म्हणून फुकट मिळते खरी, पण तिला कमानी नसतात. बसणाऱ्या धक्क्यांनी मधाच्या पोळ्या तुटून राणीमाशीच चिरडली जाते. नाइलाजच झाला तर खाली कुटाराचा जाड थर द्यावा.

गाडी पाहायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी. दहा चौकटींची मेलिफेराची पेटी २० इंच लांब आणि सव्वासोळा इंच रुंद असते. छोट्या हत्तीचा डाला साधारण ७ फूट लांब आणि ४ फूट ८ इंच रुंद. लांबीत चार आणि रुंदीत तीन, म्हणजे एका थरात बारा पेट्या बसतात. दोन थरांत चोवीस. पण पेटीचा तळपाट पुढे दोन इंच निघालेला असेल, तर लांबीत चारऐवजी तीनच बसतात आणि चोवीसच्या अठरा होतात. सुताराकडून पेट्या करवून घेतानाच हे सांगितलेले बरे. एका पेटीचे वजन माश्या, पोळ्या व चौकटींसह वीस-पंचवीस किलो भरते. वर मधाची कोठी असेल तर चाळीसपर्यंत जाते. छोट्या हत्तीवर तिसरा थर चढवला की वजन हद्दीबाहेर गेलेच म्हणा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून पुढे आहे. एका रात्रीचे दोन फेरे झाले तरी चालतील. पिकअपचे डाले निरनिराळ्या मापांचे असतात. साडेपाच फूट रुंदीत चार ओळी जेमतेम बसतात, मध्ये हवेला जागा राहत नाही. म्हणून पेट्यांच्या वरच्या जाळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

डाला उघडाच हवा. बंद कंटेनरची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. माश्या आत उकडून मरतात. उघड्या डाल्याला हुडाच्या सळ्या असल्या तर वर बारीक जाळे टाकता येते. बाजूला दोर बांधायचे कडे शाबूत आहेत का बघा. पेट्या अशा ठेवाव्यात की आतल्या चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने राहतील. ब्रेक लागला की आडव्या ठेवलेल्या चौकटी एकमेकींवर आपटतात. स्थलांतरापूर्वी पिकलेला मध काढून घ्यावा, जड पोळे रस्त्यात तुटते. माश्या घरी परतल्यावर, अंधार पडताना दारे बंद करून निघावे आणि उजाडण्यापूर्वी पेट्या उतरवून दारे उघडावीत. चहासाठी थांबायचेच तर दिव्याखाली गाडी उभी करू नये. हाताशी लाल काचेचा किंवा लाल कागद लावलेला टॉर्च असावा, कारण माशीला लाल रंग दिसत नाही.

गाडी तपासताना

आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, दलालाचा नव्हे. त्याची दोन-पाचशे रुपये मजुरी वाचवून हजारोंचे नुकसान करून घेणारे पुष्कळ असतात. सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दिसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे. भकाभका वाफ आली तर इंजिनाचे काम निघालेले आहे असे समजावे. गाडीखाली पाठीवर झोपून चेसिस पाहावी. केबिनच्या मागे वेल्डिंगचे जोड, तडे किंवा ताजा काळा रंग दिसला तर प्रश्न विचारावेत. कमानीत जादा पाटे घातले असतील, तर गाडीने रेती-मुरूम वाहिला आहे हे उघड आहे. अशी गाडी रिकामी चालवली तर बरी वाटते. म्हणून चार-पाच क्विंटल माल भरूनच चढणीवर आणि कच्च्या रस्त्यावर चालवून बघावी.

आपल्या कामासाठी काही गोष्टी इतर गिऱ्हाइकांपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. सेल्फ, बॅटरी आणि डायनामो पक्के हवेत. रानात मध्यरात्री माश्यांनी भरलेली गाडी बंद पडली तर धक्का मारायला कोण येणार? हेडलाइट, स्टेपनी, जॅक बघा. केबिनच्या मागच्या खिडकीची काच फुटकी असली किंवा पत्र्याला भोके असली तर माश्या आत शिरतात. चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या कॉलरमध्ये माशी गेली तर काय होईल हे सांगायला नको. सायलेन्सर फुटून गरम धूर डाल्याखाली पसरत असेल तर तो आधी बदलून घ्यावा. आणि गाडीने आजवर काय वाहिले, हे जरूर विचारावे. कीटकनाशकांची खोकी वाहिलेल्या गाडीच्या फळ्यांत औषध मुरलेले असते. तसा वास आला तर लाकडी फळ्या काढून नव्या टाकाव्या लागतील, तेवढी किंमत कमी करून मागावी. पुढेही, गाडी भाड्याने चालवाल तेव्हा फवारणीची औषधे वाहायला साफ नकार द्यावा. दंशाने ज्याचे अंग सुजून दम लागतो, अशा माणसाला या गाडीवर ड्रायव्हर म्हणून ठेवू नये.

कागदपत्रे

सौद्यात खरी मेख इथे असते. आर.सी. वरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळवून पाहावा. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. इसाराची पावती साक्षीदारासह घ्यावी. थकलेली चलने, पासिंगची मुदत, विमा, हे सर्व परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून दिसते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी पाच मिनिटांत काढून देईल. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला राज्यात पर्यावरण कर आहे, आणि पंधरा वर्षांवरील गाडीची पासिंग फी एप्रिल २०२२ पासून फार वाढली. म्हणून बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तिच्यापुढे दोन-तीनच वर्षे स्वस्ताईची आहेत, हे लक्षात ठेवावे. आमच्या मते सहा ते नऊ वर्षांची गाडी बरी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षेची नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

आपल्या जिल्ह्याचा नंबर एम.एच. २९. वर्धा, अमरावती, नांदेडकडची गाडी घेतली तर तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. आदिलाबादकडून तेलंगणातील गाडी आणली तर त्याशिवाय इथला करही भरावा लागतो. तो सौद्यात धरला नाही तर स्वस्त गाडी महाग पडते. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटची आवश्यकता नाही. छोटा हत्ती या हद्दीत सहज बसतो, पिकअपचे मात्र आर.सी. वर पाहावे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. ‘ट्रान्सपोर्टचा शिक्का लागतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला हे सांगावे.

दोन-तीन मधपाळांनी मिळून गाडी घेण्याचा बेत पुष्कळदा होतो. बचत गटाच्या भगिनीही तसा विचार करतात. बेत चांगला आहे, पण फवारणीचे दिवस सर्वांचे एकाच वेळी येतात आणि त्या रात्री गाडी प्रत्येकालाच हवी असते. पहिला फेरा कोणाचा, डिझेल कोणाचे, पेट्या मेल्या तर भरपाई काय, हे आधीच स्टॅम्प पेपरवर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. आर.सी. एकाच्याच नावावर राहील आणि अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच नावावर येतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गाडी विकली तरी नोंद जुन्या मालकाच्या नावावर असेल तर तोच जबाबदार, असा निकाल दिला आहे. त्यामुळे विकणाऱ्यालाही नाव बदलण्याची घाई असायला हवी. तो टाळाटाळ करीत असेल तर काहीतरी पाणी मुरते आहे. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या सौद्याच्याच दिवशी घ्याव्यात, कोऱ्या फॉर्मवर नव्हे. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत आणि नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो.